रिपीटर गप्प का होतो?

प्रबंधाचं चौथं प्रकरण गाइड सरांकडून तिसऱ्यांदा परत आलंय. शेवटच्या पानावर शेरा: "हे वाचून तुझ्या मामाला कळेल का?" सरांना मामाविषयी मीच कधीतरी सांगितलं असणार. तर आज तेच प्रकरण मामाला कळेल अशा भाषेत सांगून बघते. जमलं तर प्रबंधातही तसंच लिहीन.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी: माझा विषय आहे सामायिक वस्तूंची देखभाल. गावविहीर, पाटचारी, सार्वजनिक वाचनालय, अशा वस्तू वापरतात सगळे, पण निस्तरतं कोण? त्यातलं माझं उदाहरण जरा विचित्र आहे. हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम मंडळींचा, रिपीटर.

हे उदाहरण माझ्याकडे कसं आलं ते सांगते. माझं गाव आर्णी. यवतमाळहून नांदेडकडे जाणाऱ्या हायवेवर, अरुणावतीच्या काठी. बाहेरच्यांना बाबा कंबलपोषांच्या यात्रेमुळे माहीत असतं. २२ जुलै २०२३ ला यवतमाळ जिल्ह्यात जो पाऊस झाला तो आठवत असेल. आमच्या शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर लोक पाण्यात अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. मी तेव्हा लांब, हॉस्टेलवर. टीव्हीवर जिल्ह्याचं नाव आणि घरचा फोन लागत नाही, ही दुपार कशी जाते ते ज्याचं त्यालाच माहीत. रात्री उशिरा फोन लागला. आई शांत. "लाइन नोयती, चार्जिंग नोयतं. एवढं घाबराले काय झालं तुले?"

त्यानंतर मी हॅम रेडिओची परीक्षा दिली. माझी आधीची डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, त्यामुळे अभ्यास जड गेला नाही. हँडसेट घेऊन सुट्टीत घरी आले तर मामाने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मोबाइल हाये न बाप्पा, मंग हे डबडं काहून पायजे?"

प्रश्न बरोबर आहे, आधी त्याचंच उत्तर देते.

मोबाइल म्हणजे खरं तर छोट्या पल्ल्याचा रेडिओच. एका खोलीत बसून तुम्ही शेजारच्याला फोन लावला तरी आवाज आधी टॉवरवर जातो, तिथून केबलने किंवा दुसऱ्या लिंकने कंपनीच्या यंत्रणेत, मग परत. टॉवरची बॅटरी संपली, जनरेटरचं डिझेल संपलं, मधली केबल तुटली किंवा सगळ्या गावाने एकाच वेळी फोन लावला, यातलं काहीही झालं तरी फोन लागत नाही. हॅमचा सेट थेट दुसऱ्या सेटशी बोलतो, मध्ये कुणी नाही. म्हणून ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाल्यावर हॅम मंडळी सेट घेऊन तिकडे पोचली होती. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम केंद्र चालवायला आधीच पोर्ट ब्लेअरला होते, आणि अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवण्याचं काम त्यांनी केलं. तो संपर्क शॉर्टवेव्हवरचा. त्या लहरी आकाशातल्या आयनांबरावरून परावर्तित होऊन हजार-दोन हजार किलोमीटर जातात. त्याला मोठी अँटेना लागते, अनुभव लागतो, आणि गंमत म्हणजे दिल्ली ऐकू येते तेव्हा वीस-तीस किलोमीटरवरचं गाव ऐकू येईलच असं नाही.

जवळच्या बोलण्यासाठी हँडसेट असतात. भारतात त्यांचा मुख्य पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, आणि इथेच पंचाईत होते. पृथ्वी गोल आहे. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, साधारण तेवढ्या किलोमीटरवर त्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज असतं. हातातला सेट दीड मीटरवर, म्हणजे पाच किलोमीटर. समोरच्याचेही पाच. कागदावर झाले दहा. प्रत्यक्षात मध्ये झाडं, घरं, चढउतार, म्हणून तीन-चार मिळाले तरी नशीब. आता हेच एखाद्या टेकडीवर, आजूबाजूच्या जमिनीपासून दीडशे मीटर उंच अँटेना लावली तर? तिचं क्षितिज पन्नास किलोमीटर, त्यात तुमचे पाच. टेकडीच्या एका बाजूला पंचावन्न आणि दुसऱ्या बाजूला पंचावन्न. आर्णी ते यवतमाळ रस्त्याने चाळीसेक किलोमीटर आहे, म्हणजे मध्ये बरी टेकडी मिळाली तर दोन्हीकडचे हँडसेट तिच्या नजरेत येऊ शकतात.

त्या टेकडीवर जो डबा बसवायचा तो रिपीटर. काम एकच: ऐकायचं आणि त्याच क्षणी जोरात परत बोलायचं. यात्रेत हरवलेल्या पोराचं नाव कुणीतरी दबक्या आवाजात सांगतं आणि माइकवरचा माणूस ते सगळ्या मैदानाला ऐकवतो ना, तसं.

ऐकायचंही आणि बोलायचंही, एकाच वेळी

हे वाचायला सोपं वाटतं, पण सगळी इंजिनिअरिंग इथेच अडकलेली आहे. दोन मिनिटं आकडे सहन करा.

समजा रिपीटर १४५.१ मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि १४५.७ वर बोलतो. मधलं अंतर ६०० किलोहर्ट्झ, या पट्ट्यात तोच रिवाज आहे. बोलतो २५ वॅटने. लांबच्या हँडसेटचा जो क्षीण सिग्नल त्याला ऐकायचा असतो तो अँटेनाच्या टोकाशी ०.२ मायक्रोव्होल्ट, म्हणजे वॅटमध्ये मोजलं तर बोलण्याच्या ताकदीपेक्षा सुमारे तीनावर सोळा शून्यं इतक्या पटीने लहान. आणि दोन्ही कामं एकाच अँटेनावर, एकाच क्षणी. यात्रेतल्या भोंग्याला कान लावून उभं राहायचं आणि मुंगीची पावलं ऐकायची, असा मामला.

उपाय म्हणजे डुप्लेक्सर. हे धातूचे उभे डबे असतात, प्रत्येकाच्या आत मधोमध एक दांडा. दांड्याची लांबी लहरीच्या पाव भागाइतकी, १४५ मेगाहर्ट्झला साधारण ५२ सेंटिमीटर. दांडा किंचित वरखाली करून डबा एका फ्रीक्वेन्सीला वाट देतो आणि दुसरीला अडवतो असा जुळवायचा. असे चार-सहा डबे केबलने जोडले की बोलण्याची ताकद ऐकण्याच्या बाजूला पोचेपर्यंत साधारण १० कोटी पट कमी होते. बाकीचं काम रिसीव्हरच्या आतले फिल्टर करतात.

आता विदर्भातला उन्हाळा घ्या. बाहेर ४५ अंश म्हणजे टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. डिसेंबरच्या पहाटे तीच खोली १२ अंशांवर. फरक किमान ४० अंशांचा धरू. तांब्याचा ५२ सेंटिमीटरचा दांडा तेवढ्यात सुमारे ०.३५ मिलिमीटर वाढतो. नखाच्या जाडीएवढंच. पण जुळवलेली फ्रीक्वेन्सी त्यामुळे १०० किलोहर्ट्झच्या आसपास सरकते, आणि एकूण मोकळी जागाच आपल्याकडे ६०० ची! म्हणून चांगल्या डुप्लेक्सरमध्ये जुळवणीचा दांडा इनव्हार नावाच्या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचा असतो. तो उष्णतेने जवळजवळ वाढतच नाही. इनव्हार शोधल्याबद्दल शार्ल ग्योम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. (त्या वर्षी आइन्स्टाइनला न देता मोजपट्टीच्या धातूला दिलं, म्हणून काही लोक अजून नाक मुरडतात. टेकडीवर मे महिन्यात जाऊन या म्हणावं.)

डुप्लेक्सर सरकला की रिपीटर बंद पडत नाही. तो थोडा बहिरा होतो. जवळचे लोक पूर्वीसारखेच खणखणीत ऐकू येतात, फक्त काठावरचे, तीस-चाळीस किलोमीटरवरचे, खरखरीत व्हायला लागतात आणि एक दिवस नाहीसे होतात. शहरात बसलेल्याला पत्ताच नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाकीची दुखणी भराभर सांगते. कोअॅक्स केबलच्या जोडावर टेप नीट बसला नाही की पावसाचं पाणी आत शिरतं आणि केशिकांसारखं केबलभर पसरतं. मग ती केबल बदलण्याशिवाय इलाज नाही. विजेपासून बचावाला अरेस्टर आणि चांगलं अर्थिंग लागतं, आणि अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की ते नावापुरतंच उरतं. उंदीर, गांधीलमाश्या, आणि तांब्यासाठी केबल कापून नेणारे. शिवाय कुणाच्या सेटचं बोलायचं बटण गाडीच्या सीटखाली दाबलं जाऊन तसंच राहतं, म्हणून टायमर लावलेला असतो. तीन मिनिटं सलग कुणी बोललं की रिपीटर स्वतःहून तोंड मिटतो.

बॅटरीचं मात्र सावकाश सांगते, कारण तिथे लोक हमखास फसतात. रिपीटर नुसता ऐकत असेल तर समजा अर्धा अँपिअर घेतो, बोलताना सहा. रोजच्या वापरात तो दहा टक्के वेळ बोलतो, सरासरी एक अँपिअर पडते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी रिकामी होईपर्यंत वापरायची म्हटली तर दोन दिवस आरामात. क्लबच्या मीटिंगमध्ये सांगितलं जातं, "आपला बॅकअप दोन दिवसांचा." पण पुराच्या दिवशी तो अर्धा वेळ बोलत असणार. तेव्हा सरासरी सव्वातीन अँपिअर, आणि तीच बॅटरी पंधरा तासांत अर्ध्यावर. ज्या दिवसासाठी बॅटरी ठेवली त्या दिवशी ती रोजच्या तिपटीने लवकर संपते.

काका

इथपर्यंत सगळं पुस्तकात मिळतं. मी ज्यासाठी लिहायला बसले ते यापुढे.

मी पीएचडी करते त्या शहरात एक हॅम क्लब आहे. नाव लिहीत नाही. संशोधनाचा नियमच तसा आहे, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदललेत. क्लबचा रिपीटर एका काकांनी उभा केला. रिटायर्ड माणूस, हात सोन्याचे. डुप्लेक्सर त्यांनी स्वतः जुळवला, टॉवरवर साठीतही तेच चढायचे, पावसाळ्याआधी जोड तेच उघडून बांधायचे, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर तेच घालायचे, आणि तेही बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून. कुणी मदतीला येतो म्हटलं की म्हणायचे, "राहू द्या हो, माझं अर्ध्या तासाचं काम." क्लबात चाळीसेक लोक. सगळे काकांना मान द्यायचे, वार्षिक सभेत त्यांच्यासाठी शाल-श्रीफळ ठरलेलं.

हॅम लोक त्यांच्यातला कुणी गेला की "सायलेंट की" झाला म्हणतात. मोर्सची की शांत झाली. काका एका फेब्रुवारीत सायलेंट की झाले. त्या दिवशी रिपीटरवर रात्री उशिरापर्यंत सगळे एकेक करून बोलले, मी पण बोलले.

मे मध्ये लांबचे लोक ऐकू येईनासे झाले. जूनमध्ये वीज पडली. जुलैमध्ये रिपीटर गप्प.

टेकडीवरच्या खोलीची चावी शोधण्यात तीन आठवडे गेले. आत गेल्यावर दिसलं की कंट्रोलरचा पासवर्ड कुणाला माहीत नाही, कुठली केबल कुठे जाते त्याचं चित्र नाही, डुप्लेक्सरच्या डब्यांवर काकांच्या हातची पेन्सिलची खूण आहे पण ती कुठल्या तापमानाला केलेली ते लिहिलेलं नाही. परवान्याची फाइल काकूंनी कपाटातून काढून दिली. त्यात सगळं व्यवस्थित होतं, फक्त जबाबदार व्यक्ती म्हणून काकांचंच नाव. नवा रिपीटर घ्यायला वर्गणी पटकन जमली, हे आणखी एक आश्चर्य. वस्तू विकत घ्यायला लोक पैसे देतात. गणपती मंडळात मूर्तीची पावती फाटते तशी मांडव सोडवायची फाटत नाही, तसंच हे.

दुरुस्तीला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत एक पावसाळा पूर्ण गेला.

पुस्तकं काय म्हणतात

सामायिक वस्तूंविषयी बोलायचं झालं की सगळे गॅरेट हार्डिनपासून सुरुवात करतात. १९६८ मध्ये त्याने 'सायन्स' नियतकालिकात लिहिलं: कुरण सगळ्यांचं असेल तर प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण संपतं. अतिवापराची शोकांतिका. रिपीटरला हे लागू होत नाही. फ्रीक्वेन्सी वापरून झिजत नाही. तुम्ही बटण सोडलंत की पुढच्या क्षणी ती कोरी करकरीत. आमच्या क्लबात तर वापरायला लोक मिळत नाहीत ही तक्रार. झिजतो तो डबा, केबल, बॅटरी. म्हणजे प्रश्न राखण्याचा आहे.

त्यासाठी मँकर ऑल्सन जास्त कामाचा. १९६५ च्या 'द लॉजिक ऑफ कलेक्टिव्ह अॅक्शन' मध्ये तो म्हणतो की लहान गटात कधीकधी एकाच सभासदाला त्या वस्तूची इतकी गरज किंवा ओढ असते की सगळा खर्च एकट्याने सोसूनही त्याला ते परवडतं. मग तो करतो, आणि बाकीचे फुकट वापरतात. ऑल्सनच्या मते यात लहानांनी मोठ्याचं शोषण केलेलं असतं. हे वाचताना मला काकांचा टॉवरवर चढलेला फोटो दिसला. आम्ही चाळीस जण शाल देत होतो आणि त्या बदल्यात एक रिपीटर वापरत होतो.

पण ऑल्सन काका असेपर्यंतचं सांगतो. काकांनंतरचं समजायला एलिनॉर ऑस्ट्रॉमकडे जावं लागलं. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी ही पहिली बाई. तिने स्पेनमधले पाट, स्वित्झर्लंडमधली कुरणं, जपानमधली गावरानं, फिलिपिन्समधले बंधारे असं जगभरचं गोळा करून १९९० मध्ये दाखवलं की हार्डिन म्हणतो तसं सगळीकडे होत नाही; लोक स्वतः नियम करतात आणि शेकडो वर्षं पाळतात.

तिच्या अभ्यासातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात बसल्या.

एक, स्पेनमधल्या पाटांवरची राखण. पाणी पाळीपाळीने मिळतं. तुमची पाळी चालू असताना पुढचा शेतकरी फावडं घेऊन बांधावर उभा असतो, कारण त्याला त्याचं पाणी वेळेवर हवं असतं. तुम्ही दहा मिनिटं जास्त घेतलीत तर त्याला लगेच दिसतं. लक्ष ठेवायला वेगळा माणूस नेमावा लागत नाही, वाट बघण्यातच राखण होऊन जाते.

दुसरी नेपाळची. तिथे शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेले दगड-मातीचे, झुडपांचे बांध दर पावसाळ्यात वाहून जायचे आणि दरवर्षी सगळ्या गावाला मिळून पुन्हा बांधावे लागायचे. सरकारने आणि परदेशी मदतीने काही ठिकाणी पक्के काँक्रीटचे बांध घालून दिले. ऑस्ट्रॉम आणि तिच्या सहकाऱ्यांनी शंभराहून जास्त योजनांची तुलना केली तेव्हा उलटंच दिसलं: पाटाच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवण्यात शेतकऱ्यांच्या कच्च्या योजना सरासरीने सरस. कारण ऐका. कच्चा बांध दरवर्षी बांधायला खूप हात लागतात. वरच्या शेतकऱ्याला खालच्याचे हात हवे असतात, म्हणून तो खालच्याला पाणी सोडतो. बांध पक्का झाला, हातांची गरज संपली, आणि खालच्याचं म्हणणं ऐकायचं कारणही संपलं.

आपल्याकडे धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरची फड पद्धत याच जातीची. शतकानुशतकं चाललेली. नदीवर बंधारा, त्याच्या लाभक्षेत्राचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि पाट साफ करायला सगळे शेतकरी. ज्याची जमीन त्याने अंगमेहनत द्यायचीच.

आता काकांकडे परत या. "राहू द्या हो, माझं अर्ध्या तासाचं काम" हे वाक्य नेपाळच्या काँक्रीटसारखं होतं. काका इतके चांगले होते की आम्हा कुणाची गरजच उरली नाही. आणि शेवटच्या शेतासारखे जे लांबचे हॅम होते, खेड्यापाड्यांतले, ते मे महिन्यात सगळ्यात आधी तुटले, आणि शहरातल्या कुणाला कळलंही नाही.

माझ्या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे. सर त्याला "परस्परावलंबी देखभाल" म्हणायला सांगताहेत. मला त्याहून साधं नाव सुचलं तर बदलेन.

मग केलं काय

क्लबने नवा रिपीटर लावताना काही गोष्टी मुद्दाम अवघड ठेवल्या. टेकडीवर एकट्याने जायचं नाही असा ठराव झाला. दोन जण कमीत कमी, आणि त्यातला एक दरवेळी नवीन. जुन्या मंडळींची कुरकूर झाली, वेळ दुप्पट लागतो म्हणून. लागतोच. जोड बांधायचा टेप ताणून कसा गुंडाळायचा हे नुसतं बघून येत नाही, स्वतःच्या हाताने एकदा चुकीचा बांधावा लागतो. चाव्या तीन घरांत ठेवल्या. खोलीत एक शंभर पानी वही दोरीने बांधलेली आहे: तारीख, खोलीचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, किती वॅट गेले आणि किती परत आले, काय केलं, कुणी केलं.

आणि दर रविवारचं नेट. नेट म्हणजे हजेरी. एक जण सगळ्यांना नावाने, खरं तर कॉलसाइनने, पुकारतो आणि प्रत्येक जण कसा ऐकू येतो ते सांगतो. आधी हे गप्पांचं निमित्त होतं. आता पुकारणारा दर आठवड्याला बदलतो आणि प्रत्येकाचा सिग्नल वहीत लिहितो. लांबच्या सहा जणांना सगळ्यात आधी पुकारायचं. त्यांच्यातले दोन खरखरायला लागले की टेकडीवर जायची वेळ झाली, हे कुठल्याही मीटरशिवाय कळतं. मागच्या उन्हाळ्यात असंच कळलं: एका केबलचा जोड सैल झालेला, पाऊस यायच्या आत बांधला गेला. स्पेनमधला फावडं घेऊन उभा असलेला शेतकरी तो हाच.

नियम मोडणाऱ्यांचाही प्रश्न असतो. कुणी बटण दाबून, काही न बोलता, रिपीटर चालू आहे का एवढं बघून सोडून देतं. आधी दोन सभासद अशांवर माइकवरच तुटून पडायचे. आता पहिल्यांदा फक्त "कोण स्टेशन आहे, या बोलूया" एवढंच. ऑस्ट्रॉमच्या यादीतही हेच आहे, शिक्षा पायरीपायरीने. त्यातला एक न बोलणारा बारावीतला मुलगा निघाला, परीक्षा पास होऊन परवाना हातात होता, पण बोलायची भीती वाटत होती. आता तोच वही लिहितो.

आता आर्णीचं. मामाला एवढं सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग आपल्या इकडं लावून टाक एक." दिवाळीत आम्ही निदान अंदाज घेतला. माझी एक परवानाधारक मैत्रीण यवतमाळहून आली होती, तिला आमच्या गच्चीवर उभं केलं. मी मामाच्या गाडीवर मागे, हातात सेट. साडेतीन किलोमीटरपर्यंत ती स्वच्छ, चौथ्याला तुटक, पुढे नुसती खरखर. मामाने गाडी थांबवली, समोरच्या टेकाडाकडे पाहिलं आणि खांब किती फुटाचा लागेल ते विचारलं. मग जरा वेळाने: "चढाले मी चढतो. पण खाली दोर धराले कोन?"

सध्या हिशेब असा आहे. परवान्याला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगची परीक्षा द्यावी लागते, वयाची अट फक्त १२ वर्षांची. रिस्ट्रिक्टेड दर्ज्याला मोर्स लागत नाही. मामाने पुस्तक नेलंय, आणि ओहमच्या नियमापाशी अडकून दर दोन दिवसांनी फोन करतो. ओळखीचे एक विज्ञानाचे सर आहेत, ते आठवी-नववीच्या पाच पोरांना घेऊन बसणार आहेत. रिपीटरचं इतक्यात कुणी बोलत नाही. आधी आठ-दहा जण तरी परीक्षा पास होऊ देत, मग खांबाचं बघू.